नकाशात नसलेली खुर्ची

भावजींचा फोन आला तेव्हा मी सांबारासाठी कढीपत्त्याची पानं खुडत होते. भावजी म्हणजे प्रमिलाताईंचे यजमान, आवडी गावातल्या संरक्षण कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झालेले आणि फोनवर दोन वाक्यांच्या वर कधी न बोलणारे. त्या दिवशीही दोनच बोलले. "कावेरी, प्रमिला गेली. सकाळी पेपर वाचता वाचता मान कलली आणि झालं." मी म्हटलं, "सरि." तमिळमध्ये सरि म्हणजे बरं, ठीक आहे. सिलिंडर उद्या येईल असं गॅसवाल्याने सांगितलं तरी आम्ही सरि म्हणतो. बावीस वर्षांच्या मैत्रिणीच्या जाण्यावर माझ्या तोंडून निघालेला शब्द हा एवढाच. फोन ठेवला, राहिलेली पानं खुडली, फोडणी दिली. वैनींनी, म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या, अण्णाच्या बायकोने, कुणाचा फोन म्हणून विचारलं, तर "प्रमिलाताई गेल्या" असं मी अशा सुरात सांगितलं की त्यांना वाटलं ताई नागपूरला गेल्या. मला पुन्हा एकदा नीट सांगावं लागलं. या गोष्टीला आता पाच आठवडे झाले. मला अजून रडू आलेलं नाही. येईल, येईल, असं लोक धीर दिल्यासारखं सांगतात. आतून सगळं बधिर आहे, दात काढून आल्यावर गाल असतो तसं, आणि मी आपली घरातली कामं करते आहे.

शेवटची भेट त्याआधी दोनच दिवसांची, शनिवारची. दर शनिवारी दुपारी ताई आमच्या अंबत्तूरच्या घरी यायच्या. आवडीहून गाडी, स्टेशनवरून शेअर ऑटो आणि त्या ऑटोवाल्याशी एक भांडण, हा क्रम ठरलेला. भांडायचं तर एकेरीवर यावं लागतं हे त्यांना तमिळमध्ये शेवटपर्यंत जमलं नाही. त्या आदरार्थी बहुवचनात भांडायच्या. "आपण मला फसवलंत" असं एखाद्या पांढऱ्या केसांच्या बाईने हात जोडल्यासारखं म्हटल्यावर ऑटोवाला तरी काय करणार? हसत निघून जायचा आणि ताई आपण जिंकलो अशा थाटात फाटक उघडायच्या. हॉलच्या दारातून आत आलं की उंबरठ्याला लागूनच त्यांची खुर्ची, लोखंडी दांड्यांची, हिरव्या प्लास्टिकच्या वायरने विणलेली. पर्स पायाशी, चष्मा डोक्यावर, आणि मग आरोळी, "कावेरी, कापी!" कॉफीला कापी म्हणायला त्या आमच्याच घरात शिकल्या. त्या शनिवारी कापी पिऊन झाल्यावर खुर्चीच्या दांड्यावरून हात फिरवत त्यांनी विचारलं, "तू कधी बसलीस गं या खुर्चीवर?"

"ती तुमची खुर्ची," मी म्हटलं.

"माझी कशी? घर तुझं."

"माझं कुठलं, अण्णाचं."

त्या काहीतरी बोलणार होत्या... पण पंख्याचा आवाज फार येतोय, तेल घालायला सांग, एवढंच बोलून उठल्या. मी फाटकापर्यंत पोचवायला गेले. ऑटो मिळेल ना, छत्री घेतली का, असलंच काहीतरी बोलणं झालं. शेवटची भेट म्हणून सांगावं असं त्यात काही नव्हतं.

आमची ओळख कारखान्यातली. मी तंजावरकडच्या मराठी घरातली. आमचे पूर्वज या मुलखात नेमके केव्हा आले हे घरात कुणाला धड सांगता येत नाही, पण आपण मराठी, त्यातही ब्राह्मण, हे मात्र कुणी कुणाला विसरू देत नाही. कुंभकोणमला माझं लग्न झालं. चार महिन्यांनी नवऱ्याने मला माहेरी आणून सोडलं, माझं मन लागत नाही असं अम्माला सांगितलं आणि चहासुद्धा न घेता परत गेला. त्यानंतर मी अण्णाच्या घरी, आणि दिवसा अंबत्तूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या नटबोल्टच्या कारखान्यात टायपिस्ट, टेलिफोनही मीच बघायची. तिथे एक दिवस ताई आल्या. एका मुलींच्या कॉलेजात त्या समाजशास्त्र शिकवायच्या. पॅकिंगमधल्या बायकांशी बोलायचं होतं आणि त्यांचं तमिळ ऐकून पॅकिंगमधल्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. मालकांनी मला मदतीला पाठवलं. जिना उतरताना मी मराठीत म्हटलं, "पायरी सांभाळा बाई, मोडूलाली आहे." म्हणजे मोडायला आलेली आहे. त्या तिथेच थांबल्या. "अगं, तू मराठी? मला वाटलं एखाद्या बखरीतून बाई उठून आली." मी घाबरून सांगितलं, आम्ही घरी असंच बोलतो. त्या म्हणाल्या, "बोल की. तुझं मराठी जुनं, माझं मराठी लोकांच्या मते अशुद्ध. पुण्याला गेलो तर दोघींना सारखंच हसतील." त्या नागपूरकडच्या, वडील गिरणीत कामाला, घरातली पहिली शिकलेली मुलगी. नवऱ्याची बदली आवडीला झाली म्हणून इकडे आलेल्या. हे सगळं त्यांनी त्या जिन्यातच सांगून टाकलं. त्यांना लपवण्याचा कंटाळा होता, आणि मला लपवण्याची सवय होती.

त्यांच्या संशोधनाचा विषय सांगायला मोठमोठे शब्द आहेत, पण ताई ते वर्गापुरते वापरायच्या. मला त्यांनी असं सांगितलं की माणूस एकाच वेळी पुष्कळ काही असतो. बाई असते, अमक्या जातीची असते, गावची किंवा परगावची, शिकलेली किंवा न शिकलेली, नवऱ्याची किंवा टाकलेली, आणि हे सगळं एकमेकांवर पडून तिची जागा ठरते. मी म्हटलं, म्हणजे बेरीज. त्यावर त्या एकदम चिडल्या. चिडल्या की त्या हातवारे करत, आणि त्यांच्या हाताला येईल ते उदाहरण होई. त्या वेळी मी इडलीचं पीठ कालवत होते. "या पिठातून आता उडीद वेगळा काढून दाखव," त्या म्हणाल्या. मी हसले. "नाही ना येत? बेरीज असती तर वजा करता आली असती." पुढे त्यांच्या प्रत्येक व्याख्यानात हे पीठ यायला लागलं, आणि घरी येऊन त्या मला सांगायच्या, "तुझं पीठ आज फार छान फुगलं." बाईंना विनोद करता येत नव्हता, पण केला की स्वतःच इतक्या हसायच्या की आपल्याला हसावंच लागे.

त्यांची कामाची रीत मात्र कुणाचीच नव्हती अशी होती. तुमच्या घरात कुणाचं चालतं, असं विचारलं की लोक शहाण्यासारखी उत्तरं देतात. सगळ्यांचं चालतं म्हणतात. म्हणून ताई तसं विचारायच्याच नाहीत. त्या कोरा कागद पुढे ठेवायच्या. खोली काढा म्हणायच्या, आणि त्या खोलीत कोण कुठे बसतं ते दाखवा. कोण खुर्चीवर, कोण खाली, कोण उभं, कोण दाराबाहेर. सकाळी कसं, जेवताना कसं, पाहुणे आले की कसं. याला त्या बसण्याचा नकाशा म्हणायच्या. आमच्या कारखान्यातल्या वळ्ळियम्माचे नकाशे मी स्वतः उतरवून घेतले आहेत. पॅकिंगची सुपरवायझर म्हणून सकाळी ती एकटी खुर्चीवर, बाकी बाराजणी खाली. दुपारी त्याच बाराजणी घोळका करून जेवत आणि वळ्ळियम्मा आपला डबा घेऊन नळापाशी, कारण तिची जात. संध्याकाळी गल्लीत पाण्याचा टँकर आला की सगळ्यात पुढे तीच, कारण तिचा मुलगा वॉर्डातला कार्यकर्ता. आणि घरी गेल्यावर त्याच मुलासमोर ती जमिनीवर, तो पलंगावर. चारही कागद शेजारी शेजारी ठेवून ताई कितीतरी वेळ पाहत बसल्या होत्या. म्हणाल्या, "हिला कुठल्या एका रकान्यात घालणार तुम्ही?" मी त्यांच्याबरोबर अशी दीड-दोनशे घरं हिंडले. कारखाना बंद पडल्यावर तर त्यांनी मला रीतसर मदतनीसच करून घेतलं. दर आठवड्याचा अहवाल मराठीत लिहायला लावायच्या आणि लाल पेनने दुरुस्त करून परत द्यायच्या. आज हे जे काही मी बऱ्यापैकी लिहिते आहे ते त्या लाल पेनामुळे.

आता अम्माबद्दल सांगायला हवं. माझी आई फार मायाळू बाई होती, हे आधी सांगते, कारण पुढचं वाचून तुम्हाला तसं वाटणार नाही. ताई पहिल्यांदा घरी आल्या तेव्हा अम्मा हॉलमध्ये पलंगावर बसली होती. मराठी बाई आली म्हणून तिला आनंद झाला. गाव विचारलं, मुलं विचारली, आणि मग आमच्याकडे जे विचारतातच ते विचारलं, "तुम्ही कोणांतले?"

"आम्ही बौद्ध," ताई म्हणाल्या. अम्माच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही, तेव्हा त्यांनीच पुढे सांगितलं, "आधीचे महार."

अम्माने दाराकडे पाहिलं. मग मला म्हणाली, "प्रोफेसरांस खुर्ची दे ग." ही हिरवी खुर्ची तेव्हा दाराशी असायची, चपला घालायला अण्णा तिच्यावर बसायचा. मी ती पुसून पुढे केली. तिथेच. अम्माने कापी दिली, आमच्याच दवरा-टंबलरमध्ये, म्हणजे घरच्या वाटी-पेल्यात दिली, आणि वेगळं भांडं ठेवलं नाही याचा मला इतका अभिमान वाटला की त्या अभिमानात पुढची सगळी वर्षं निघून गेली. अम्माने ताईंचं नाव कधी घेतलं नाही. नेहमी प्रोफेसर. प्रोफेसर आल्या, प्रोफेसरांस वाढ, प्रोफेसर जेवल्या का. ताटही तिथेच, मांडीवर. अण्णाच्या ऑफिसातले लोक आले की सोफ्यावर बसत, शेजारची मीनाक्षी तर थेट स्वयंपाकघरात येऊन झाकणं उघडून बघे. ताई दाराशी. मला कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की त्यांना ती जागा आवडते, वारा येतो. आणि मी स्वतः कुठे असे? स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर, पाटावर. कुंभकोणमहून परत आल्या दिवशी मी तिथे टेकले ती तिथेच राहिले. कुणी बस म्हटलं नाही, उठही म्हटलं नाही. तिथून ताईंशी गप्पा मारायच्या, मधे हॉल, आणि त्यांनी काही मागितलं की उठायचं. त्यांचं जेवण होईपर्यंत मी वाढायला उभीच असे.

ताईंचा एक नियम होता. जी मुलगी दुसऱ्यांच्या घरी नकाशे काढायला जाणार तिने सगळ्यात आधी आपल्या घराचा काढायचा. आपलं घर पाहता येत नसेल तर दुसऱ्याच्या घरात नाक खुपसू नये, असं त्या म्हणत. मीही काढला. दोन दिवस खपून काढला. अम्माचा पलंग, अण्णाचा सोफा, वैनींची न्हाणीघराजवळची भिंत, जिथे टेकून त्या भाजी निवडत, मुलांची अभ्यासाची चटई, मागच्या दाराशी भांडी घासणारी, आणि उंबरठ्यावर मी. सिलिंडरवाला उभा काढला. आमचं एक मांजर होतं, ते टीव्हीवर बसे. तेही काढलं, शेपटीसकट. शनिवारी ताई आल्या, खुर्चीवर बसल्या, आणि मी तो कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा डोक्यावरून खाली घेतला आणि बराच वेळ पाहिला.

"सगळे आले?" त्यांनी विचारलं.

"सगळे. मांजरसुद्धा."

"छान काढलंयस," त्या म्हणाल्या, आणि कागद घडी न घालता फायलीत ठेवला. मला तर कुणी बक्षीस दिल्यासारखं झालं.

अम्मा जाऊन नऊ वर्षं झाली. त्या दिवशी ताई आल्या होत्या. दिवसभर त्या खुर्चीवर बसून राहिल्या, माझ्याकडे पाहत. त्यानंतर अण्णा निवृत्त झाला, मुलं बंगळूरला गेली, मांजर केव्हाच मेलं, सोफा बदलला. घरात जाती-बिती मानणारं असं कुणी उरलं नाही, निदान तोंडाने तरी नाही. आणि मी दर शनिवारी ती खुर्ची पुसून दाराशी ठेवत राहिले. मला कुणी अडवलं होतं? अम्माचं नाव पुढे करायलाही आता जागा नव्हती.

कॉलेजात शोकसभा झाली तेव्हा हे काहीच माझ्या मनात नव्हतं. मी मागच्या रांगेत बसले होते. तमिळ भाषणं झाली, इंग्रजी झाली, एकीने माझ्या इडलीच्या पिठाचं उदाहरण सांगितलं आणि लोक रडले. मी पंखे मोजत होते, सभागृहात चौदा पंखे आहेत. सभा संपल्यावर एक मुलगी जवळ आली. तमिळसेल्वी तिचं नाव, ताईंची शेवटची संशोधक विद्यार्थिनी. माझ्याकडे निरखून बघत तिने तमिळमध्ये विचारलं, "अक्का, तुम्ही कावेरी अक्का ना? पूनै वीडु?"

पूनै वीडु म्हणजे मांजराचं घर. मला कळेना. मग तिने सांगितलं, सहज, मला ठाऊकच असणार अशा समजुतीने. दर वर्षी पहिल्या तासाला मॅडम एक नकाशा फळ्यावर लावायच्या. हॉल, पलंग, सोफा, टीव्हीवर मांजर. नाव नसायचं, म्हणून मुलींनी त्याला मांजराचं घर म्हणायला सुरुवात केली. मॅडम विचारायच्या, यात कोण राहिलं? मुली अर्धा तास डोकं खाजवायच्या. कुणी म्हणे आजोबा, कुणी म्हणे देव. शेवटी मॅडम पेन्सिलीचं टोक दारापाशी टेकवायच्या. म्हणायच्या, इथे एक खुर्ची आहे, दर शनिवारी तिच्यावर मी असते. हा कागद मला याच खुर्चीत बसलेली असताना दिला गेला.

सेल्वी माझ्याकडे बघून हसत होती. ती वाईट मुलगी नाही. तिला वाटलं हा आम्हा दोघींचा ठरवलेला खेळ आहे. मी तिला विचारलं, "ज्या बाईने काढला तिच्याबद्दल काय सांगायच्या?"

"सांगायच्या, ही माझी सगळ्यात जवळची मैत्रीण आहे. तिला दिसलं नाही. आणि मी सांगितलं नाही, हेही लिहून घ्या."

मी म्हटलं, सरि. दुसरं काय म्हणणार? गाडीने घरी आले. त्या दिवशी मला पहिल्यांदा काहीतरी वाटलं आणि ते दुःख नव्हतं, तो राग होता. इतकी वर्षं परक्या मुलींना सांगितलंत आणि मला नाही? माझ्या हातची कापी प्यायची, माझंच घर फळ्यावर टांगायचं, आणि पुन्हा शनिवारी येऊन पंख्याला तेल घाला म्हणायचं? मी मेलेल्या माणसाशी दोन दिवस मनातल्या मनात भांडले. भांडताना लक्षात आलं की मीही आदरार्थी बहुवचनातच भांडते आहे.

पुढच्या आठवड्यात भावजींनी बोलावलं. ताईंचे कागद कॉलेजला द्यायचे होते, मराठीतले तेवढे मी वेगळे काढावेत म्हणून. आवडीच्या त्या दोन खोल्यांत सगळीकडे फायली. माझा कागद पहिल्याच फायलीत सापडला, टाचण्यांच्या भोकांनी वरचे कोपरे फाटलेला. त्यावर ताईंनी एक रेघही ओढली नव्हती. मात्र त्याच्या मागे दुसरा कागद जोडलेला होता. तोच हॉल, पण ताईंनी काढलेला, त्यांच्या त्या वेड्यावाकड्या रेघांनी. त्यात माणसं दोनच. दाराशी खुर्ची, आणि समोर उंबरठ्यावर पाट. दोन्हींखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं. ते मी इथे जसंच्या तसं उतरवते, कारण मला त्यातलं काही गाळायचं नाही.

खुर्चीखाली होतं: "मी. खुर्ची मिळते, कारण पदवी आणि नोकरी. आत बोलावत नाहीत, कारण जात. मी विचारत नाही, कारण विचारलं तर शनिवार बंद होतील, आणि या शहरात मला दुसरा शनिवार नाही."

पाटाखाली होतं: "कावेरी. आत कुठेही जाऊ शकते, कारण जात. बसू कुठेच शकत नाही, कारण टाकलेली. मी तिला तू म्हणते, ती मला तुम्ही. मी जेवते, ती उभी असते. इतक्या वर्षांत मी तिला एकदाही 'बस' म्हटलेलं नाही."

मी तो कागद वाचला, पुन्हा वाचला, आणि भावजींनी चहा आणला तो प्यायला. रडू आलंच नाही. पण राग होता तोही गेला, आणि त्याच्या जागी काय आलं ते मला सांगता येत नाही. मला एवढंच समजलं की बावीस वर्षं त्या खोलीत आम्ही दोघी समोरासमोर होतो आणि दोघींनाही एकमेकींना गमावण्याची भीती वाटत होती. त्यांना दिसत होतं आणि त्या बोलल्या नाहीत. मला दिसलंच नाही, म्हणून माझी चूक लहान ठरत नाही, उलट मोठीच ठरते. नऊ वर्षं ती खुर्ची चार पावलं आत सरकवायला माझ्याजवळ दोन हात होते. शेवटच्या शनिवारी त्यांनी विचारलं, तू कधी बसलीस का, तेव्हा त्यांनी निम्मं बोलून टाकलं होतं. उरलेलं निम्मं मी बोलायचं होतं, आणि मी म्हटलं, माझं कुठलं, अण्णाचं.

सेल्वीचा फोन आला. नव्या वर्षाचे वर्ग ती घेणार आहे. चाचरत तिने विचारलं की मांजराचं घर वर्गात लावलं तर चालेल का, तुम्हाला वाईट वाटत असेल तर नको. मी दोन दिवस मागून घेतले. पेन्सिल घेऊन त्या कागदासमोर बसलेही. दाराशी एक खुर्ची रेखाटली की संपलं, बोटभर जागा तर लागते. पण आता काढली म्हणून, तेव्हा काढली नव्हती हे कसं पुसलं जाईल? मी कागद होता तसाच सेल्वीला दिला. एवढंच सांगितलं की यापुढे नाव लपवू नकोस, आणि मागचा कागदही लाव, दोन्ही शेजारी शेजारी. मुलींनी विचारलं तर मी येऊन सांगेन. ती म्हणाली, "नक्की याल, अक्का?" येईन.

गेल्या शनिवारची गोष्ट. वैनी म्हणाल्या, "ती खुर्ची आता गच्चीवर टाकायची का ग? वायरी सैल झाल्यात." मी नको म्हटलं. दुपारी नेहमीसारखी ती पुसली. आणि मग पुसून झाल्यावर तिच्यावर बसले. पहिल्यांदाच. वायरी मधोमध खोल गेल्या आहेत, ताईंच्या वजनाने. बसलं की आपण त्या खोलगटात आपोआप घसरतो. तिथे वारा येत नाही. मी इतकी वर्षं सांगत आले होते ते खोटं होतं, वारा सोफ्यापाशी येतो. पण तिथून एक दिसतं. हॉलमधून सरळ रेषेत स्वयंपाकघराचा उंबरठा, पाट, आणि त्याच्या मागे शेगडी. शेगडीपाशी उभ्या असलेल्या बाईची पाठ तिथून पूर्ण दिसते. माझी पाठ त्यांनी किती शनिवार पाहिली असेल...

वैनी आतून आल्या आणि मला बघून घाबरल्या. "काय झालं? बरं वाटत नाही का?" हॉलमध्ये मला बसलेली त्यांनी आजवर पाहिलीच नव्हती. मी म्हटलं, "बरी आहे. कापी प्यावीशी वाटते." त्या आत गेल्या, कापी घेऊन आल्या, आणि माझ्यासमोर टंबलर धरून तशाच उभ्या राहिल्या. चाळीस वर्षं झाली त्यांना या घरात येऊन.

"बसा, वैनी," मी म्हटलं.

त्यांनी इकडे तिकडे पाहिलं, कुठे बसू म्हणून. मग अण्णाच्या सोफ्याच्या कडेवर, पदर सावरून, अर्ध्यामुर्ध्या टेकल्या. दोघींनी कापी प्यायली. पंखा अजून आवाज करतो, त्याला तेल घालायचं राहिलंच आहे.